जुने कपडे, पायाची मशीन आणि सुट्टीचे दोन महिने

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाईंनी कपाट रिकामं करताना सात-आठ सुती साड्या दिल्या. नवऱ्याचे अंगाला न होणारे शर्ट आहेत, गुडघ्यात गेलेल्या दोन जीन्स आहेत आणि बुधवारी बाजारातून स्वस्तात आणलेल्या दोन जुन्या चादरी आहेत. मशीन आईची, पायाची. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दहाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन घरच्यांसाठी काही शिवायचं आहे. पण सरळ टिपेपलीकडे काही येत नाही आणि कात्री लावायला हात धजत नाही.

सरळ टीप येते ना, मग पुष्कळ येतं. मी नागपूरच्या महाल भागात सत्तावीस वर्षं शिवणक्लास घेते. नवशिकी बाई बहुतेक वेळा अडते ती कडांवर: दुमड नीट बसत नाही, काज जमत नाही, खिसा तिरपा जातो. जुन्या कपड्यात ही सगळी अवघड कामं आधीच कुणीतरी हातखंड्याने करून ठेवलेली असतात. शर्टाची बटणपट्टी तयार आहे, साडीचा काठ तयार आहे, जीन्सच्या पायाची दुमड तयार आहे. म्हणून माझं सांगणं एकच असतं. कापड कुठून कापू, हे ठरवण्याआधी कोणती तयार शिलाई वाचवायची ते ठरवा. तेवढं ठरलं की उरलेलं काम सरळ टिपेचंच राहतं.

आधी धुणं. बाजारातून आणलेलं आणि कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं, दोन्ही. सुती असेल तर चांगल्या कडक पाण्यात भिजवा आणि गच्चीवर उलटं करून वाळवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या उन्हात चादर तासाभरात कडकडीत वाळते. आटायचं ते कापड इथेच आटतं, म्हणजे शिवून झाल्यावर परकर आखूड होत नाही. रंग जाणारी साडी वेगळी धुवा, हे सांगायला नको.

मग कापड खिडकीशी धरून उजेडात बघा. विरलेली जागा लगेच दिसते. दिसली नाही तर दोन्ही अंगठ्यांत कापड पकडून आधी उभं, मग आडवं ताणा. चर्र आवाज आला की ते कापड अंगावर घालायच्या कामाचं नाही, ते गोधडीच्या पोटात जाईल. प्रत्येक कपडा त्याच्या त्याच्या जागी झिजतो. शर्ट कॉलरच्या घडीवर, कफांवर आणि कोपराला झिजतो. पाठ शाबूत असते. चादर मधोमध विरते, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या चांगल्या राहतात. साडीचा खालचा काठ टाचेशी घासून जातो, वरचा काठ बहुधा नवा असतो. साडीला फॉल लावलेला असेल तर तो उसवून ठेवा. अडीच-पावणेतीन मीटरची ती लांब पट्टी पिशव्यांच्या बंदांना आणि नाड्यांना फार उपयोगी पडते.

सूत की पॉलिएस्टर याची शंका आली तर कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, कागदाचाच वास येतो आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर टोकाला टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. हे काम तुम्ही करा, मुलांनी लांबून बघावं. आपल्या उन्हाळ्यात मुलांच्या अंगाला लागणारं सगळं सुतीच असू द्या. पॉलिएस्टरच्या पिशव्या करा, झालरी करा.

आणि एक विनंती. त्या साड्यांत टसरची करवतकाठी निघाली, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली, तर तिला कात्री लावू नका. आपल्या नागपूर-भंडारा भागातल्या विणकरांच्या हातची ती ओळख आहे. अंग फाटलं असेल तरी काठ अख्खा उतरवून ठेवा, पुढे साध्या साडीला किंवा दुपट्ट्याला लावता येतो.

मशीनबद्दल थोडंसं. तेल घाला, शटलखाली साचलेला कापूस जुन्या टूथब्रशने काढा आणि सुई नवीन लावा. सुई जुनी ठेवून मशीनला दोष देणारे फार. सुती साडीला ११ नंबर, चादर आणि शर्टाला १४, जीन्सला १६ किंवा १८. क्लासमध्ये दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच, “मॅडम, मशीन खालून जाळं करून राहिली.” खाली जाळं झालं की सगळ्या बॉबिनशी खेळत बसतात, पण चूक बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असते. दाबपट्टी, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, खाली असताना धागा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. दाबपट्टी उचला, धागा पूर्ण काढून पुन्हा ओवा, मग बघा.

हात बसवायला वहीचा आखलेला कागद घ्या, धागा न ओवता जुन्या सुईने रेघेवरून मशीन चालवा. भोकं रेघेवर पडली की टीप सरळ. मुलाला हेच द्या. दहा वर्षांच्या मुलाला पायाची मशीन छान चालवता येते, फक्त तुम्ही शेजारी बसा.

आता पहिलं काम: शर्टाचा अभ्रा. माझ्या क्लासची सुरुवात मी यानेच करते, कारण चार सरळ टिपांत बटणाचा अभ्रा तयार होतो आणि काज एकही करावं लागत नाही.

शर्टाची सगळी बटणं लावा, इस्त्री करा, टेबलावर पसरा. बगलेच्या खाली, बटणपट्टी बरोबर मधोमध येईल असा १७ इंचांचा चौकोन खडूने आखा. खाली शर्टाची गोलाई आडवी येत असेल तर १५ चा आखा, उशी लहान घेऊ. कापण्याआधी एक गोष्ट नीट बघा. चौकोनाची वरची आणि खालची रेघ दोन बटणांच्या मधून जायला हवी आणि शिलाईची रेघ त्याहून अर्धा इंच आत असते. ती रेघ बटणावर आली तर सुई तुटते. एका मुलीची अशीच तुटली, टोक उडून चष्म्याच्या काचेवर आपटलं. चष्मा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी आधी बटणांवर टाचणी ठेवायला लावते, शिलाईची रेघ आखायला लावते आणि मगच कात्री देते.

पुढची आणि पाठची दोन्ही कापडं एकदम कापा. सुलट बाजू समोरासमोर ठेवा आणि मधली दोन बटणं उघडा. हे विसरलात तर चारही बाजू शिवून झाल्यावर अभ्रा उलटायला तोंडच राहणार नाही. अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडून चारही बाजूंनी टीप मारा, बटणपट्टीवरून जाताना दोनदा मारा. कोपऱ्यांची जास्तीची माया तिरपी कापा, सगळी बटणं उघडा, सुलटा करा. १६ इंचांच्या उशीला नेमका बसतो. शर्टाचा खिसा चौकोनात येत असेल तर येऊ द्या. लेकीला झोपताना बाहुली ठेवायला तो खिसा फार आवडेल.

इथे थोडं थांबवते. नवऱ्याच्या शर्टांपैकी एखादा फक्त कॉलरच्या घडीवर झिजलेला असेल आणि अंगाला होत असेल, तर तो फाडू नका. कॉलर उलटवा. पूर्वी घरोघरी हे करत, आता दुकानात कुणी सुचवतही नाही. कॉलरचं पान ज्या पट्टीत अडकवलेलं असतं, तिथली फक्त वरची टीप उसवायची. पट्टी शर्टापासून सोडवायची नाही. उसवण्याआधी पानाच्या आणि पट्टीच्या मध्यावर टाचणी लावून खूण करा. पान निघालं की उलटं करा, झिजलेली बाजू मानेकडे खाली जाईल आणि कोरी बाजू वर येईल. मध्य जुळवा, कच्चा धावदोरा घाला आणि जुन्या टिपेची भोकं दिसतात त्याच रेघेवर टीप मारा. टोकांना बटणं लावायची कॉलर असेल किंवा आतल्या बाजूचं कापड वेगळं असेल तर हे जमत नाही. साध्या कॉलरचा शर्ट मात्र अजून दोन वर्षं चालतो.

दुसरं काम लेकीचा परकर. यात वाचवायचा तो साडीचा काठ. काठ खाली आला की दुमड घालायची गरजच नाही, आणि परकराला शोभा येते ती काठानेच.

माप तिच्या अंगावर घ्या, जुन्या फ्रॉकवरून नको. कमरेपासून घोट्यापर्यंत समजा २४ इंच भरलं. नेफ्याला, म्हणजे इलास्टिक ओवायच्या दुमडीला, दीड इंच आणि वाढीच्या दोन टकांना, म्हणजे पुढे उसवायच्या आडव्या घड्यांना, प्रत्येकी एक इंच धरा, म्हणजे साडेसत्तावीस. काठाच्या कडेपासून वर साडेसत्तावीस इंच मोजून साडीच्या लांबीत सरळ पट्टा कापा. घेर दोन मीटर पुरे. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो, तेव्हा वर दुसऱ्या काठासकट सतरा-साडेसतरा इंचांचा पट्टा उरेल. तो गुंडाळून ठेवा, पोलक्याला होईल.

पट्ट्याची दोन टोकं अर्धा इंच माया सोडून जोडा. वरची कड आधी पाव इंच आणि मग सव्वा इंच दुमडून टीप मारा, दोन इंच जागा उघडी सोडा. झाला नेफा. इंचभर रुंदीचं इलास्टिक घ्या. कमर २१ असेल तर २० कापा, टोकं इंचभर एकावर एक येतात म्हणजे बरोबर १९ चं कडं होतं. इलास्टिकला सेफ्टीपिन लावून नेफ्यातून फिरवा, टोकं जोडा, उघडी जागा शिवा. इलास्टिक नवीनच घ्या. जुन्या पायजम्यातून काढलेलं आपल्या उन्हाळ्यानं आतून कडक झालेलं असतं, चार धुण्यांत सैल पडतं. इतवारीच्या बाजारात धागे, इलास्टिक, सुया सगळं ठोक भावात मिळतं, एकदाच जाऊन सुट्टीभराचं आणा.

टक घालायचे ते काठाच्या चार बोटं वर, दोन आडव्या घड्या, प्रत्येक अर्ध्या इंचाची, मोठ्या टाक्याची टीप. पुढच्या वर्षी एक उसवा, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. माझ्या आईनं माझ्या परकरांना असे टक घातलेले होते. उसवल्यावर जुन्या घडीच्या जागी गडद रंगाची रेघ दिसायची आणि मी ती मैत्रिणींना दाखवायची, बघा मी एवढी वाढले म्हणून.

जीन्सचं काम मुलाच्या हातात द्या. गुडघा गेला तरी पोटरीचा भाग धडधाकट असतो आणि तो मुळातच नळीच्या आकाराचा आहे. पायाच्या खालच्या दुमडीपासून वर चौदा इंच मोजा आणि कापा. उलटं करून कापलेली बाजू दोन टिपा मारून बंद करा. सुलटं केल्यावर दुमड वर येते, तेच पिशवीचं तोंड. पाण्याची बाटली आरामात उभी राहते. बंदाला कमरेचा पट्टा उतरवून घ्या किंवा तो ठेवलेला फॉल चार पदरी दुमडा. बंद पिशवीला जोडताना चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा, बाटली भरलेली असली तरी उसवत नाही. बाजूची जाड शिवण दाबपट्टीखाली अडते. तिथे शिवण आधी बत्त्याने ठोकून चपटी करा आणि पायानं न चालवता चाक हातानं फिरवत टाका-टाका पुढे जा. मुलगा ठोकायचं काम आनंदानं करेल.

चादरींच्या शाबूत पट्ट्यांचे पायजमे होतात, उन्हाच्या खिडकीला दुपदरी पडदे होतात, उरलेल्याची स्वयंपाकघरातली फडकी. हे तुम्हाला जमेल, वेगळं सांगत नाही. जुन्या चादरीला कमी मात्र समजू नका. एम्प्रेस मिल आपल्या शहरात १८७७ साली सुरू झाली, जमशेटजी टाटांनी काढलेली. तिथल्या कापडाची एक जाड चादर माझ्या सासूबाईंच्या लग्नातली. ती विरल्यावर तिच्या कडांचे चार अभ्रे झाले. अभ्रे फाटले तेव्हा त्यांचे तुकडे जोडून मी क्लासच्या इस्त्रीच्या टेबलावर अस्तर घातलं. ते अजून आहे, रोज त्याच्यावर इस्त्री फिरते.

आता ज्या कामात घरचे सगळे एकदम बसू शकतात ते सांगते: गोधडी. याला मशीन नको. नेसती सुती साडी साडेपाच मीटर असते. ती तीन घड्यांत टाकली की अंदाजे सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा तीन पदरी तुकडा होतो. काहीही कापावं लागत नाही. सुट्टीत पांघरायला एका साडीची पुरे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी चावते, तेव्हासाठी दोन साड्यांची, सहा पदरी करा. विरलेली साडी आत, चांगली बाहेर. पॉलिएस्टरची साडी मध्ये घालू नका, ती सरकते आणि धुतल्यावर गोधडीत गोळा होते.

फरशी पुसून साडी अंथरा, कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. हातानं मधून कडेकडे सारवल्यासारखं फिरवत सगळ्या सुरकुत्या बाहेर काढा. इथे घाई केली तर शेवटी मध्ये फुगा येतो आणि तो काही केल्या जात नाही. मग मोठ्या टाक्यांनी कच्चा दोरा घाला: आधी मधोमध उभा आणि आडवा, नंतर कडेनं. पक्का धावदोरा कडेपासून सुरू करा आणि चौकोनात फिरत आत या, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. जाड सुती दोरा आणि लांब सुई. चौघं चार बाजूंना बसलात तर प्रत्येकानं आपली बाजू संपवून कोपऱ्यावर दोरा पुढच्याला द्यायचा. टाके सारखे येणार नाहीत. तुमचे बारीक, मुलाचे मोठे, आजीचे सगळ्यांत सरळ. येऊ द्या तसेच. आमच्या घरच्या गोधडीवर माझ्या मुलाची बाजू अजून ओळखू येते, तो आता बत्तीस वर्षांचा आहे.

धाकटीला सुई द्यायची का? बोथट टोकाची, मोठ्या नाकाची द्या आणि बटणं लावायला शिकवा. बाकी तिचं खास काम म्हणजे लोहचुंबक घेऊन फरशीवरच्या टाचण्या गोळा करणं. हे रोज उठताना करायचंच, घरात सगळे अनवाणी फिरतात. उसवण्याचं काम मुलाकडे. त्याला सांगा, दर चौथा टाका कापायचा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, सगळी शिवण कापडाला धक्का न लागता सुटते.

बनियन, टी-शर्ट, लेगिंग असलं ताणणारं कापड या सुट्टीत बाजूला ठेवा. त्याला गोल टोकाची सुई लागते आणि साध्या मशीनवर ते लाटांसारखं ओढलं जातं. पहिल्याच आठवड्यात त्याच्या नादी लागून कितीतरी जणींनी मशीन पुन्हा झाकून ठेवलेली मी पाहिली आहे.

उरलेल्या तुकड्यांत काठाचे तुकडे वेगळे ठेवा, वीतभर असले तरी. सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या की पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून नेतील, तेव्हा त्याची झूल घरची असू द्या. पाठीवरून दोन्ही बाजूंना पोटापर्यंत पोचेल असा लांबट चौकोन, दोन्ही टोकांना काठ, आत जुन्या शर्टाचं अस्तर. सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू शिवा, उलटवा, चौथी हातानं शिवा. पोटाखाली बांधायला फॉलच्या दोन नाड्या. लेकीनं लावायला शिकलेली बटणं आरशांसारखी ओळीनं लावता येतील. फक्त माप आत्ता घेऊ नका, नंदी घरी आला की त्याच्या पाठीवर टेप टाकूनच घ्या. दरवर्षी बाजारात येणारे नंदी वेगवेगळ्या उंचीचे असतात, आणि मुलं हमखास गेल्या वर्षीपेक्षा मोठाच उचलतात.